डावखुरी गाठ

दुपारी तीनच्या सुमाराला प्रभाकर तुंगारे खुर्चीत बसून नवे बूट पायांत चढवतात आणि बंद बांधायला वाकायचं ठरवतात. ठरवणं आणि वाकणं यांत हल्ली बरंच अंतर पडतं. त्या अंतरातच त्यांचा डोळा लागतो. बूट पायांत, बंद मोकळे, मांडीवर फॉर्म.

फॉर्म नाशिकच्या एका गिर्यारोहण संस्थेचा आहे. ‘दम लागतो का?’ या प्रश्नापुढे तुंगाऱ्यांनी ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहिलंय. मोहिमेचं नाव तेवढं कोरं आहे. एक तर सिक्कीममधली ‘गोएचा ला’ ही खिंड, जिथून कांचनजुंगा अगदी समोर दिसतं. नाहीतर हिमाचलातली रूपिन खिंड, जिथे शेवटी बर्फाची उभी भिंत चढावी लागते. पाचच्या आत फोनवर कळवायचंय, म्हणजे संस्थेत भरून घेतील. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलंय की गुडघ्यांत एक हिमालय शिल्लक आहे, दोन नाहीत.

अठ्ठावीस वर्षं तुंगारे रूपिन म्हणत आले आणि त्यांची बायको शरयू गोएचा म्हणत आली. भांडण मिटेना, म्हणून दर वर्षी दोघं कळसूबाईला जायचे. दोन वर्षांपूर्वी शरयू गेली आणि भांडण एकट्या तुंगाऱ्यांच्या गळ्यात पडलं.

आता खुर्चीखाली गवत आहे. थंडगार, दवाने भिजलेलं. टीव्हीच्या जागी ढग आहे, आणि तुंगाऱ्यांना त्यात वावगं काही वाटत नाही. समोरच्या दगडावर शरयू बसलीय, आलेपाकाची वडी चघळत. अंगात तिचा निळा विंडचीटर.

“तो मी गेल्या वर्षी देऊन टाकला होता,” तुंगारे म्हणतात.

“कळलं मला. चेन तरी नीट करून द्यायची.”

तुंगारे तिला सगळं सांगतात. गुडघे, फॉर्म, पाच वाजता संपणारी मुदत. शेवटी म्हणतात की त्यांनी ठरवलंय, गोएचाच लिहायचं, तिच्यासाठी.

“माझ्यासाठी नको. मला कांचनजुंगा बघायचं होतं. माझ्या नावाने तुम्ही बघून मला काय दिसणार?”

गवत पांढरं होतं. ते बर्फ आहे, आणि बर्फावर बाकं मांडलेली आहेत. हे तेच हॉस्पिटल, जिथे शरयू एकोणीस दिवस होती. नर्स नंबर पुकारतेय. शरयूच्या हातात चिठ्ठी आहे. ती कितव्या नंबरची ते तुंगाऱ्यांना दिसत नाही, पण फार वेळ नाही एवढं कळतं.

“शरयू, एका वर्षी सिक्कीमची तुकडी भरली म्हणून मी सांगितलं ना तुला, ती भरली नव्हती.”

“नऊ जागा होत्या. मी त्याच संध्याकाळी संस्थेत फोन केला होता.”

तुंगारे एवढंच विचारतात, “बोलली का नाहीस?”

“तुम्ही तीन जिने चढून आलात की दाराबाहेर उभे राहून दम घालवायचात. श्वास जागेवर आला की मग बेल. दाराच्या भोकातून मला रोज दिसायचं.”

मग उरलंसुरलंही तुंगारे सांगून टाकतात. रूपिनला जायची त्यांना कधीच इच्छा नव्हती. शरयू रूपिनला कधी हो म्हणणार नाही, या भरवशावर ते रूपिन म्हणत आले. उंचीवर आपला श्वास संपेल, तोही बायकोसमोर, अशी भीती.

“अठ्ठावीस वर्षं?” ती विचारते.

“कळसूबाई वाईट नव्हती,” ते म्हणतात.

ती हसते. मग हसत नाही.

“मी एकटी जाऊ शकले असते. गेले नाही, ते माझं. ते तुमच्या अंगाला लावून घेऊ नका.”

“आणि माझं?”

“तुमचं तुमचंच. ते मी पुसणार नाही.”

निदान कुठे जाऊ ते तरी सांग, पाया पडतो, असं म्हणून तुंगारे खरोखर वाकायला जातात. गुडघा स्वप्नातही ऐकत नाही.

“राहू दे. बंद बघा आधी,” म्हणत शरयू बर्फात खाली बसते. प्रत्येक ट्रेकला निघताना ती सगळ्यांचे बूट तपासायची. डावखुरी असल्यामुळे तिची गाठ उलट्या अंगाची पडायची. दोन वेढे, आणि टोकं आत खोचलेली. ती गाठ उतरून येईपर्यंत हलत नसे. तुंगाऱ्यांची स्वतःची गाठ कळसूबाईच्या पहिल्या लोखंडी शिडीलाच सुटायची. ती डावा बूट बांधते. उजव्याला हात घालते तोच तिचा नंबर येतो.

“दुसरा राहिला,” तुंगारे म्हणतात.

“तो तुम्ही बांधा. आणि फॉर्मवर खरं लिहा.”

ती दारातून आत जाते. दार बंद होतं. ते त्यांच्याच घराचं आहे. तुंगारे धावतात, तीन जिने चढतात, दारापाशी येतात. हाक मारायला श्वास नाही. सवयीने ते दम जाईपर्यंत थांबतात. भोकापलीकडे कुणी उभं आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. शेवटी ते बेल दाबतात, आणि ती वाजतच राहते.

फोन वाजतोय. पाचाला दहा कमी. संस्थेतली मुलगी विचारते, “काका, काय ठरलं?”

“गोएचाच्या किती जागा आहेत?”

“दोन.”

“खरंच?”

“खोटं कशाला सांगू काका?”

“मग एक मला. आणि दम लागतो का, तिथे हो लिही.”

मुलगी सांगते की तसं लिहिलं तर संस्थेचे डॉक्टर नाही म्हणतील बहुतेक.

“म्हणू देत. लिही.”

फोन ठेवल्यावर तुंगारे खाली बघतात. उजव्या बुटाचे बंद फरशीवर लोळतायत. डाव्यावर दोन वेढे आहेत, उलट्या अंगाचे, टोकं आत खोचलेली.

सहा वाजतात. सात वाजतात. तुंगारे खुर्चीतच बसून आहेत. बूट काढायचा तर गाठ सोडावी लागेल.