शकूची उंची

मंदारचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली," म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "किडनी शेवटपर्यंत नीट चालू होती..." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. ती किडनी मी दिलेली. शकू माझी धाकटी बहीण. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही निकामी झाल्या, माझी जुळली, मी दिली. त्यात मोठेपणा काही नव्हता. आम्ही दोघीच बहिणी, विचारायला दुसरं होतं कोण?

त्यानंतर सगळ्या घरानं त्या किडनीची सेवा केली. उकळलेलं पाणी, तोंडाला मास्क, बाहेरचं खाणं बंद, गोळ्या घड्याळ लावून. तपासणी चांगली आली की शकू हडपसरहून मला कर्वेनगरला फोन करायची, "अक्का, तुझी किडनी पास झाली." जशी काही माझी पोरगीच तिच्याकडे शिकायला ठेवली होती. मी म्हणायचे, नापास झाली तर परत घेणार नाही. ती हसायची, पण 'तुझी' म्हणायचं तिनं कधी सोडलं नाही.

हाडांकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. शरीरानं दुसऱ्याची किडनी झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यातल्याच एका गोळीनं हाडं झिजतात, आणि आधीच्या आजारानं ती कमजोर झालेलीच असतात. डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलंही असेल. किडनीच्या धास्तीत ऐकलं कुणी? मग शकूचे गाऊन पायात यायला लागले. ती म्हणाली, शिंपी लांब शिवतो. आम्ही दोघी त्याच्याशी भांडायला गेलो. तो बिचारा नव्या गाऊनवर जुना ठेवून दाखवत होता, दोन्ही सारखेच. शकू म्हणाली, "म्हणजे दोन्ही चुकलेत." त्यानं मुकाट्यानं दोन्ही आखूड करून दिले. पुढे एकदा गव्हाचा डबा सरकवताना तिच्या पाठीत कळ आली ती जाईना. फोटो काढला तर मणके दबलेले. डॉक्टरांनी विचारलं, उंची कधीपासून कमी होतेय? आम्हा दोघींना ते गाऊन आठवले. शिंप्याची माफी मागायची राहूनच गेली.

मग इंजेक्शनं, कॅल्शियम, कमरेला पट्टा. वाकू नको, उचलू नको, एकटी जिना उतरू नको, असं मंदारनं सुरू केलं. त्याचं काही चुकत नव्हतं. तरी यंदा बाथरूममध्ये, पायही घसरला नाही, नुसती वळली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर उभ्या राहतील, पण त्यांना जंतुसंसर्ग पटकन होतो, किडनीवरही ताण येईल, जिवाला धोका आहे. नाही केलं तर अंथरुणातच. त्यातही धोका आहेच. मंदारला ऑपरेशन नको होतं. शकू गप्प. मला वाटलं, घाबरली. मंदार खाली औषधं आणायला गेला तेव्हा म्हणाली, "अक्का, मला उभं राहायचंय. पण तुझी किडनी जाईल गं."

एवढ्यासाठी अडून बसली होती... मला रागच आला.

"माझी माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "ती तुझी आहे. तुला काय करायचं ते कर."

मंदार आल्यावर तिनं त्याला सांगितलं. ऑपरेशन झालं. वॉकर धरून खिडकीपर्यंत चालली, दमली, बसली, पुन्हा उठली. मग छातीत न्यूमोनिया झाला आणि त्यातून ती उठली नाही. भेटायला आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, तुमची किडनी वाया गेली हो. मी म्हटलं, वाया कशानं? वापरली की तिनं.

परवा हडपसरला गेले होते. शकू असताना मला ओट्यापाशी येऊ द्यायची नाही, त्यामुळे चहाच्या डब्यासाठी मी जुन्या अंदाजानं हात वर केला, तर तिथं फळीच नव्हती. ती पार खाली, छातीशी होती. पाठीच्या दुखण्यानंतर शकूनं सुताराला बोलावून खाली घ्यायला लावली होती, मंदारला न विचारता. वर जुन्या स्क्रूंची भोकं तशीच. मंदार बायकोकडे बघत म्हणाला, "मावशी, सुतार येतोय आत्ता. फळी वर घेतो. ओट्यावर वाकलं की हिचं डोकं आपटतं तिला."

"घे की," मी म्हटलं. "माझा चहा होऊ दे आधी."

आणि चहाखालचा गॅस बारीक केला.