घरी सांगणे : दहा गुण

डिसेंबरात दुसरे सत्र सुरू होताना आमच्या कॉलेजात नवी ऑनलाइन प्रणाली आली. प्रत्येकाने आपल्या विषयाचे गुण त्यात मांडायचे होते. वर्गवाऱ्या करायच्या, प्रत्येकीला टक्के द्यायचे आणि बेरीज शंभर आणायची. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. चाचण्या पन्नास, प्रात्यक्षिके तीस, गृहपाठ वीस असे भरून टाकले की झाले, असे मला वाटत होते. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. समोर आई बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेला.

ती कडेलाच बसायची. वडील गेल्यावर मी तिला सटाण्याहून नाशिकरोडला माझ्याकडे आणले. पण लेकीच्या घरी राहायचे म्हणजे तिला अवघडल्यासारखे होई. हातात दिल्याशिवाय चहासुद्धा घेत नसे. कपड्यांची पिशवी तिने कधी रिकामी केलीच नाही, ती दाराजवळच्या कपाटात तशीच भरलेली. त्यात तिची बोली अहिराणी. इमारतीतल्या बायका हसून विचारत, “काय म्हणालात मावशी?” त्यांच्या मनात काही नसे, पण आईने हळूहळू बोलणेच सोडले. दर शनिवारी तेवढे म्हणे, “माले गावले धाड.” गावी पाठव. गावातल्या त्या घराला आता कुलूप होते. तिथे तिला एकटी कशी पाठवू, आणि इथे अशी गप्प कशी ठेवू?

त्या दुपारी तिच्याकडे बघताना मला गावाकडची आमची कांदे साठवायची चाळ आठवली. आई आणि इतर बायका कांदे निवडत बसायच्या. शाळेतून आले की मी तिच्याशेजारी पोत्यावर बसून त्या दिवशीचा धडा सांगायची. तिला अक्षरओळख नव्हती. हात चालू ठेवून ती ऐकायची आणि मध्येच म्हणायची, “माले समजनं नही. परत सांग.” मग मी दुसऱ्या तऱ्हेने सांगायची, उदाहरण बदलायची. पुढे पदवीच्या परीक्षेतही मी उत्तरे तिलाच सांगतेय अशी लिहिली. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. घरात पुस्तके नव्हती, पण ऐकणारे माणूस होते.

मी चौथी वर्गवारी केली. ‘घरी सांगणे’, दहा गुण. शिकलेला एक भाग घरातल्या माणसाला आपल्या बोलीत समजावून सांगायचा, त्याने विचारलेला एक तरी प्रश्न त्यात हवा, आणि सगळे फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचे. प्रणालीने लगेच लाल अक्षरांत एकशे दहा दाखवले. मी चाचण्यांचे दहा कमी केले.

विभागप्रमुख सरांनी ते पाहिले आणि चष्मा वर सरकवला.

“मॅडम, आईला धडा सांगायचे मार्क? उद्या आई रिचेकिंगचा अर्ज घेऊन येतील हां!”

“येऊ देत सर.”

“बरं, आधी एक नमुना टाका. मुलांना कळू तर द्या काय करायचंय.”

नमुना म्हणजे मलाच कुणाला तरी सांगावे लागणार होते. घरी येऊन आईला म्हटले, तर तिने मान हलवली. तिचे बोलणे कॉलेजात ऐकवायचे? नको. मी हट्ट केला नाही. फोन सुरू करून टेबलावर ठेवला, मेथीची जुडी तिच्यापुढे सरकवली आणि माझ्यापुरते बोलायला लागले. पानाच्या पाठीला बारीक बारीक तोंडे असतात, डोळ्यांना न दिसणारी.

ती मेथी निवडत राहिली. मग हात थांबला.

“तोंड शे तं खास काय?” तोंड आहे तर खाते काय?

“खात नाही गं. श्वास घेतं, पाण्याची वाफ सोडतं.”

“मंग त्याले नाक म्हन ना! तोंड कशाले म्हनतस?”

मला हसू आवरेना. तीही हसली. तिला विचारून मी ते नमुना म्हणून तसेच प्रणालीवर चढवले.

दोन दिवसांनी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर दाराशी थांबली. पेठ तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी.

“मॅडम, घरचं माणूस नसंल तर काय करू? आई-बाबा द्राक्षांच्या कामाला गेल्यात. मळ्यात रेंज नाय लागत.”

मला हे सुचायला हवे होते. तिला वगळायची सोय प्रणालीत होती. मी तसे सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “तुमच्या त्या आजींना सांगितलं तर चालंल का? लय मस्त भांडतात त्या.”

आईला विचारले. ती म्हणाली, “तिले माझं बोलनं समजी का?”

“थोडं समजेल. तुलाही तिचं थोडंच समजेल.”

सोमवारी मुलगी आली. दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या, समोर वाटाण्याच्या शेंगा. मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत थांबले. मुलगी मुळे पाणी कसे ओढतात ते सांगत होती, मध्येच तिच्याकडचे शब्द येत होते. आई तिला अडवत होती, “थांब थांब, परत सांग.” चाळीतला तोच आवाज होता, थोडा थकलेला. मी दाराआड डोळे पुसले.

मुलगी गेल्यावर मी तिचे गुण भरायला बसले. आई मागे येऊन उभी राहिली.

“तिले कितला?”

“दहापैकी नऊ.”

“आनि माले?”

सरांचे भाकीत खरे ठरले होते. ऐकणाऱ्याला गुण द्यायचा रकाना मी केलाच नव्हता, तसे मी तिला सांगितले. तिने तोंड वाकडे केले.

शनिवार उजाडला. सकाळभर मी तिच्या त्या वाक्याची वाट पाहत होते. शेवटी न राहवून मीच विचारले, “गावाला सोडू का गं?”

“आते कशी जाऊ? सोमवारले ती पोर नवा धडा सांगाले परत येनार शे ना,” आई म्हणाली, आणि उठून स्वतःच चहाचे आधण ठेवले.