देल्मिराताईंच्या नावाची चिठ्ठी

होंडुरासमधल्या आमच्या गावच्या रेडिओवर देल्मिराताई ओसेगेरा निर्मात्या आणि मी तंत्रज्ञ. दर बुधवारी त्या पत्रकारांच्या मुस्कटदाबीवर कार्यक्रम करत, रोज सकाळी निधनवार्ताही वाचत. शेजारच्या गावचा एक वार्ताहर चोरट्या जंगलतोडीवर बोलला आणि बेपत्ता झाला. त्या बुधवारी त्याच्या बायकोची मुलाखत लागणार होती.

मंगळवारी सकाळी, लोकांनी दाराखाली सरकवलेल्या निधनाच्या चिठ्ठ्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या. तिसरी वाचता वाचता त्या अडखळल्या. "देल्मिरा ओसेगेरा, वय सेहेचाळीस. दफन गुरुवारी, चार वाजता."

मी घाईघाईने गाणं लावलं.

"ताई, आजच बहिणीकडे निघा. मुलाखत राहू द्या."

"मेल्यांनी वय तरी नीट लिहायचं! अजून पंचेचाळीसचीच आहे मी," म्हणत त्या हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या.

बुधवारी मुलाखत मात्र त्यांनी लावलीच. तेवढा तासभर त्यांनी माझी बाही सोडली नाही.

गुरुवारी दुपारपासून गावातली माणसं, कुणी न बोलावता, रेडिओच्या अंगणात येऊन बसली. चारला नंबर नसलेली एक गाडी फाटकाशी थांबली. काचा काळ्या, इंजिन चालूच. अंगणात कुणी हललं नाही. पाचेक मिनिटांनी गाडी निघून गेली.

देल्मिराताईंना उठवेना. तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, विकणाऱ्या चेपा नावाच्या बाईने त्यांना दंडाला धरून आपल्या घरी नेलं. अजून त्या तिथेच झोपतात.