बारा विमानांच्या चिठ्ठ्या

वसईजवळच्या गिरीज गावचे तुळशीदास राऊत म्हणजे भलताच अबोल माणूस. दिल्लीत पंचवीस वर्षं हवाई दलाला सल्ला देणारे शास्त्रज्ञ होते, पण सल्ला कसला द्यायचे हे घरातही कुणाला माहीत नव्हतं. निवृत्त झाले ते थेट केळीच्या वाडीत शिरले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "विमानांची गणितं सोडवायचो," की पुन्हा पाटाच्या पाण्याकडे.

असा माणूस या वर्षी अडून बसला. नात नेत्रा त्याच कामासाठी निवडली गेली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. आजोबा म्हणाले, "दुसरं काहीही कर, हे नको." कारण विचारलं तर तोंडाला कुलूप. सुशीलाकाकूंनी नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला, पण ज्याला बोलायचंच नसतं त्याला अबोल्याचं काय!

कारण अडतीस वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हा ठरावीक तास उडालं की विमानाचं इंजिन खोलून तपासायचा नियम होता. तुळशीकाकांनी वर्षभराच्या नोंदी चाळल्या आणि चक्रावलेच. सगळ्यात जास्त बिघाड तपासणीनंतरच्या पहिल्या काही उड्डाणांत होत होते! त्यांना आई आठवली. घरात केळ्यांची आढी घातली की ती कुणाला हात लावू देत नसे. सारखी उघडलीत तर ऊब जाते, फळं अर्धकच्ची राहतात, म्हणायची. काकांनी सल्ला दिला, इंजिनं कमी वेळा खोला. अधिकारी हसले. हसणारच, विमानांची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर होती.

शेवटी एका तळावर बारा विमानांवर प्रयोग ठरला. सहा जुन्या नियमाने, सहा नव्या. कुठलं विमान कुठल्या गटात हे तिथल्या तंत्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि काकांना सांगायचं नाही, ही अट खुद्द काकांची. कळलं तर आपला डोळा आपल्याला हवं तेच बघेल, असं ते म्हणायचे. शहाणपणाच होता तो, पण पुढे अंगाशी आला. तिसऱ्या महिन्यात बारातलं एक विमान कोसळलं. वैमानिक हवाई छत्रीने उतरला, जीव वाचला, पण कंबर मोडली ती मोडलीच. पुन्हा कधी उडाला नाही. प्रयोग बंद झाला, गटांची यादी कपाटात गेली, काकांची दुसऱ्या कामावर बदली झाली. ते विमान आपल्या सहांतलं होतं की नाही, हे त्यांना कधी कळलं नाही. विचारता आलं असतं. धीर झाला नाही.

शनिवारी दुपारी जवळच्या होळी गावचे फ्लॉईड लोपीस अभिनंदनाला आले. हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. त्यांच्या मुलीने, पॉलिनने, नेत्राला शाळेत गणित शिकवलेलं. ओटीवर पाय ठेवला आणि काकांकडे बघतच राहिले.

"चिठ्ठ्यावाले राऊत साहेब तुम्हीच ना? माझ्याच टोपीत टाकल्या होत्या त्या चिठ्ठ्या. तुम्ही गिरीजचे असाल हे डोक्यातच आलं नाही. राऊत काय, वसईत गल्लोगल्ली."

काकांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "जे पडलं, ते कुठल्या गटातलं होतं?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

फ्लॉईड खाली बसले. "साहेब, ते जुन्या नियमाचं होतं. आठवड्यापूर्वीच खोललेलं. परत जोडताना इंधनाच्या नळीचा एक पट्टा सैल राहिला, चौकशीत तेच निघालं. तुमच्या सहांना काही झालं नाही. दोन वर्षांनी तुमचीच पद्धत आणली आमच्याकडे, नाव भलत्याचंच लावून. आम्ही समजत होतो, तुम्हाला सगळं कळवलं असेल."

तुळशीकाका रडले. सुशीलाकाकूंनी लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत हे पाहिलं नव्हतं. त्या नुसत्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग काकांनी डोळे पुसले आणि आधी वैमानिकाची चौकशी केली. तो बरा आहे, डेहराडूनला असतो, नातवंडं आहेत, असं फ्लॉईड म्हणाले. काकांनी मोठा श्वास सोडला आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

त्या संध्याकाळी काका जेवताना बोलतच राहिले, दुसऱ्यांदा भात मागितला. काकू म्हणाल्या, "अडतीस वर्षांचं एकाच दिवशी बोलणार काय?" अबोलाच बरा होता, असंही पुटपुटल्या, पण भात वाढताना हसत होत्या.

रविवारी सकाळी नेत्रा होकाराचं पत्र घेऊन त्यांच्यासमोर आली. काकांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

"जा," ते म्हणाले. "चिठ्ठ्या टाक, यादी दुसऱ्याकडे ठेव, सगळं माझ्यासारखंच कर. फक्त काम थांबलं ना, तर त्याच दिवशी जाऊन यादी मागून घे. वाईट निघाली तरी."