भोपाळ–नागपूर–भोपाळ: घरचं विमान आणि बोटभर कुंकू

“दारात विमान असताना साखरपुड्याला बसनं जायचं?” माझी बायको शैला म्हणाली आणि नागपूरचं ठरलं. तिच्या थोरल्या बहिणीच्या, मंगलताईंच्या मुलीचा साखरपुडा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला होता. साडी मावशीनंच नेसवायची, असं भाचीनं शैलाला महिनाभर आधी बजावून ठेवलं होतं.

‘दारात’ म्हणजे आमच्या भोपाळमधल्या, बाग सेवनियाच्या घरापासून शहर ओलांडून पार दुसऱ्या टोकाला, विमानतळावरच्या भाड्याच्या हँगरमध्ये. नऊ वर्षांपूर्वी घेतलेलं जुनं, दोन माणसांचं विमान. ब्लॉग वाचून बरेच जण लिहितात, “काय मजा आहे तुमची!” मजा आहे, पण ती शेवटी येते. आधी वर्षाची तपासणी, परवान्यासाठी डोळे नि रक्तदाब, आणि इंधन. आमच्या इंजिनाला लागणारं पेट्रोल सगळीकडे मिळत नाही, पिंपं मागवून ठेवावी लागतात. उड्डाणाच्या दिवशी हवामान, मार्गाचा आराखडा, हवाई दलाकडून मिळणारा परवानगी क्रमांक आणि प्यायलो नाही हे दाखवायला नळीत फुंकर. सामान तोलून घ्यायचं. शैलानं भाचीसाठी घेतलेला पितळी समईचा जोड घरीच राहिला तो त्यामुळेच.

त्या दिवशी मी चारला उठलो. परवानगीचा क्रमांक येता येत नव्हता. फोनवर फोन करून सातच्या सुमारास तो मिळाला, तोवर मी पार कंटाळलो होतो. विमानाभोवती फेरी मारली, पंखाखालच्या नळीचं कापडी टोपण ओढून काढलं आणि आत बसलो.

धावपट्टीवर इंजिनाचा जोर पूर्ण दिला. विमान धावायला लागलं, पण वेगाचा काटा शून्यावर. अर्धा श्वास वाट पाहिली आणि जोर काढून ब्रेक दाबले. चाकं करकरली. शैलानं माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता.

हँगरला परत आलो. आमचे इंजिनिअर रफीकभाई बॅटरी घेऊन पंखाखाली वाकले. समोरून येणारी हवा ज्या नळीत शिरते आणि वेग कळतो, त्या नळीच्या तोंडात त्यांना वाळलेलं कुंकू सापडलं. त्यात तांदळाचा दाणाही अडकलेला.

“सर, इसमें तो पूजा हो रखी है,” ते म्हणाले.

शैलाचा चेहरा उतरला. तिच्या माहेरी खंडेनवमीला यंत्राच्या तोंडाला कुंकू लावतात. मिक्सरच्या, नळाच्या, स्कूटरच्या धुराड्याच्यासुद्धा. परवा हँगरमध्ये पूजा करताना तिनं ओलं कुंकू आणि अक्षता विमानाच्या तोंडाला लावल्या. हे भोक तिला तोंडच वाटलं. टोपण मीच काढून ठेवलं होतं, फोटोत मळकं दिसतं म्हणून. पूजा झाल्यावर परत चढवलंही मीच.

नळी साफ करून, तपासून, रफीकभाईंनी सही करेपर्यंत आणि नवी परवानगी येईपर्यंत एक वाजला. साखरपुडा केव्हाच आटोपला होता.

प्रवास मात्र सुरेख झाला. नर्मदा, मग तवा धरणाचं पसरलेलं पाणी, मग सातपुड्याची हिरवी गर्दी. शैलानं एकदाही खाली पाहिलं नाही. पावणेदोन तासांनी नागपूर. तिथं विमान उतरवणं आणि रात्रभर उभं ठेवणं एका बऱ्या हॉटेलाच्या भाड्याइतकं पडतं, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

घरी मंगलताईंनी गार झालेली मसालेवांगी आणि पुरणपोळी वाढली. “काय गं, विमानाला कुंकू लावलंस म्हणे!” सगळे हसले. शैलाही हसली. “माझंच चुकलं ना ताई. हे बिचारे काय करणार?”

मी पोळीवर तूप वाढून घेतलं.

रात्री झोप लागली नाही. टोपण काढलं की आत बॅटरी मारून बघायचं, हे पहिल्या धड्यात शिकवतात. नऊ वर्षांत मी ते एकदाही चुकवलं नव्हतं. त्या सकाळी चुकवलं, कारण दमलो होतो आणि एकदाचं निघायचं होतं. कुंकू शैलाचं होतं, पण बघणं माझं काम होतं. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी परतताना, तवा धरण ओलांडल्यावर, हेडफोनमधून मी तिला हे सांगितलं.

“म्हणजे बघितलं असतं तर दोन मिनिटांत पुसून निघालो असतो?”

“हो.”

“आणि काल तिथं मी सगळ्यांसमोर…” तिनं वाक्य सोडून दिलं. नर्मदा आल्यावर म्हणाली, “ताईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

घरी येऊन चपला काढल्या आणि फोन लावला, स्पीकरवर. एक शब्द न गाळता सांगितलं.

मंगलताई मनापासून हसल्या. “राहू द्या हो भाऊजी! बायकोला किती पाठीशी घालाल? आमच्या ह्यांनी असं कधी केलं नाही. शैला नशिबाची आहे.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा कौतुक केलं आणि फोन ठेवला.

विमान ठेवायचं की विकायचं, हे अजून ठरलेलं नाही. विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की दमलेले असाल तर बसनं जा, आठ तास लागतात. त्या सुंदर प्रवासातलं माझ्याजवळ राहिलं ते शैलाचं बोलणं. फोन झाल्यावर ती बॅगेतली, न उघडलेली साडीच्या पिनांची डबी कपाटात ठेवत होती.

“काल पानावर बसला होतात तेव्हा बोलला असतात,” ती म्हणाली, “तर त्यांनी विश्वास ठेवला असता.”