न बुडणारी पिंड

बर्फाची पिंड पाण्यात सोडली की बुडते, असं मी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं. तसं मला कुणी काही विचारलं नव्हतं. टेंपोतून लादी उतरवताना माझी कंबर धरली होती, तेवढ्यावर माझं मत तयार झालं. एवढं जड धूड पाण्यावर राहीलच कसं? सरबताच्या पेल्यात बर्फ वर असतो हे मी जन्मभर पाहत आलोय, पण तो म्हणजे चिल्लर. ही लादी होती.

माझी सासुरवाडी कशेळ्याच्या पुढे. सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सासूबाई नवस बोलल्या होत्या, हे चालत घरी आले तर महाशिवरात्रीला देवळात बर्फाची पिंड घालीन. ते चालत आले. मग कर्जतहून भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी आली, देवळातल्या मंडळींनी ती तासून पिंड केली आणि माथ्यावर बेलाचं पान ठेवलं. दिवसभरात ते पान हळूहळू आत रुतत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेली पिंड नदीत पोचवायचं काम माझ्यावर आणि मेव्हण्यावर आलं. सासूबाईंचा उपास अजून चालूच होता.

"बुडली की फोन करा," त्या म्हणाल्या. "मग मी जेवीन. देवानं घेतल्याबिगर घास नाय."

"आई, तुम्ही ताट वाढून घ्या. आम्ही टाकली की ती गेलीच समजा."

नदीचा डोह सासऱ्यांच्या घरापासून लांब नाही. दोन्ही बाजूंनी काळे कातळ, वर करंजांची दाट सावली, त्यामुळे तिथलं पाणी भर उन्हातही गर्द दिसतं. आम्ही दोघांनी पिंड सोडली. ती खाली गेली, दिसेनाशी झाली. मी हात जोडले आणि फोन काढला.

"भावजी," मेव्हणा म्हणाला, "ती बघा, तिकडं."

डोहाच्या मधोमध काहीतरी पांढरं वर येत होतं. सोडली होती काठाला, वर आली मध्ये, आणि आवाज अजिबात नाही. मेव्हण्यानं बांबूनं तिला खाली दाबलं. ती बांबूखालून निसटली आणि दुसरीकडे वर आली.

"दगड बांधू या," मी म्हणालो.

"देवाच्या गळ्यात दगड? तो तुमीच बांधा. मी आपली दोरी आणून देतो." आणि बाईकला किक मारून तो जो गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

मी एकटा राहिलो. तेव्हा ऐकू यायला लागलं. पिंड कुजबुजत होती. दुसरा शब्द मला सुचत नाही; बारीक, अखंड सर्रर, मधूनच बोट मोडल्यासारखं तड. तिच्या अंगावरून थंड वाफ निघून पाण्यावर सांडत होती. फिरत फिरत ती कातळाला टेकायची, हलकेच दोनदा ठोकायची आणि पुन्हा आत जायची. मी उगाच डावीकडे सरकलो. ती डावीकडे आली. उजवीकडे गेलो. थोड्या वेळानं तीही उजवीकडे. आणि मग, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तशी, ती एकाएकी उलटली. माथ्यावरचं पान आता पाण्याखाली गेलं होतं आणि तिथून माझ्याकडे रोखून बघत होतं.

नेमका तेव्हा फोन वाजला.

"बुडली का?"

खोटं बोलायची ही एकमेव वेळ होती आणि मला सत्य सुचलं. "आई, ती खाली जातच नाही. ढकलली तरी वर येते. माझ्याकडेच येते."

पलीकडून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला.

"देव परत देतोय," त्या हळूच म्हणाल्या. "घेत नाय." फोन बंद झाला.

आपण काय करून ठेवलं ते मला आत्ता कळलं. त्यांच्या दृष्टीनं देव पिंड नाही, नवस परत करत होता. म्हणजे सासरे परत मागत होता.

उन्हं उतरताना मेव्हणा सासूबाईंना बाईकवर मागे बसवून घेऊन आला. दोरी विसरला होता. त्यांनी पाणीसुद्धा प्यायचं सोडलं होतं. त्या कातळावर बसल्या. पिंड आता नारळाएवढी झाली होती. तिनं कातळाला दोनदा ठोकलं.

"ह्यांचं काय होनार, सांगा," त्या पाण्याकडेच बघत म्हणाल्या.

भीतीनं माणसाचं डोकं कधीकधी चालतं. मला फ्रीजरमध्ये विसरलेली, तडकलेली काचेची बाटली आठवली. "आई, पाणी गोठताना फुगतं," मी म्हणालो. "तेवढंच पाणी जास्त जागा अडवतं, म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका पडतो. थोडासा वर दिसतो, बाकी सगळा खाली. खालून झिजला की वरचा भार जास्त होतो आणि उलटतो. तो आवाज आत कोंडलेल्या हवेचा. फिरतो तो भोवऱ्यामुळे."

सगळं बरोबर होतं. तरी मी एक पाऊल मागे सरकलो, कारण बोलताबोलता ती पुन्हा आमच्याकडेच सरकत होती.

"म्हंजे ती बुडनारच नव्हती?"

"नाही."

"कुनी बी टाकली असती तरी?"

"कुणीही."

पिंडीची आता नुसती काच राहिली होती. मग तीही कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं ते दिसेना. सासूबाईंनी ओणवं होऊन त्याच जागेचं पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि पिऊन टाकलं. मग मेव्हण्याचा हात धरून उठल्या.

"चल रं, जेवायला. हे वाट बघत असतील." बाईककडे जाता जाता त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आन् तुमी, जावईबापू, हितून पुढं कायबी सांगायच्या आधी आमच्या पोरीला इचारत जा. तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आन् ती धावीला दोनदा नापास झालेली हाय."