आधी वाटणी, मग लग्न

शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची मृत्युपत्रं वाचायचा मला पगार मिळायचा. २०१४च्या सुमारास मी सिंगापूरच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करत होते. मलेशियातल्या मलाक्क्यात स्थायिक झालेल्या डच कुटुंबांनी आपली घरं, पलंग आणि चांदीची बटणं कोणाकोणाला दिली, हा माझा विषय. पुण्यात आई मैत्रिणींना "इतिहासात काहीतरी करते" एवढंच सांगायची.

राहायला खोलीही अशाच घरात मिळाली. घरमालकीण आंटी सत्तरीची, विधवा, आणि तिचे खापरपणजोबा मलाक्क्याचे डच. हॉलंड तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण आडनाव डच आहे हे पोस्टमनलाही ऐकवायची, तेही वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडून. तिची व्हिनेगर आणि मोहरी घातलेली चिकन करी मात्र अशी जहाल, की कोल्हापूरकरांनीही हात जोडावेत. मला दोघी फार आवडायच्या, करी आणि आंटी.

त्या वर्षी आंटी प्रेमात पडली. चर्चमधले एक निवृत्त शिक्षक, तेही विधुर. शनिवारी दोघं बमबोटीनं, म्हणजे छोट्या मोटारबोटीनं, पुलाउ उबीन बेटावर जायची, भाड्याच्या सायकली चालवायची, आणि आंटी उन्हानं नाक लाल करून शिट्टी वाजवत परत यायची. अंकलनी लग्नाचं विचारलं. आंटीला हो म्हणायचं होतं, पण मुलाच्या संमतीशिवाय ती लग्नासाठी चर्चची पायरी चढणार नव्हती. आणि मुलगा म्हणाला, "मा, या वयात? त्याला तुझा फ्लॅट हवाय."

त्यानंतर आंटी शनिवारी घरीच बसायला लागली. शिट्टी बंद झाली. मला त्या मुलाचा इतका राग यायचा, की तो आला की मी माझ्या खोलीचं दार जरा जोरातच लावायची.

एकदा जेवताना, काहीतरी बोलायचं म्हणून मी माझ्या मृत्युपत्रांचं पुराण लावलं. डच नवराबायको दोघं मिळून एकच मृत्युपत्र करत. एक गेला की सगळं घर दुसऱ्याच्या ताब्यात, मुलांनी थांबायचं. पण विधवेला पुन्हा लग्न करायचं असेल, तर तिनं आधी मुलांना त्यांच्या वडिलांचा वाटा काढून द्यायचा.

आंटीनं काटा खाली ठेवला. "आधी द्यायचं, मग लग्न?"

"हो."

"आणि कोणी नावं ठेवायची नाहीत?"

"नावं कसली, आंटी? काहींनी तीन-तीनदा लग्नं केलीत."

"मग मी कशाला थांबलेय, गर्ल?" म्हणून तिनं भाताचा मोठा घास घेतला.

महिन्याभरात तिनं ठरवून टाकलं. फ्लॅट मुलगा आणि मुलीच्या नावावर, सामान दोघांत समसमान, आणि स्वतः अंकलच्या जुरोंग ईस्टच्या घरी. माझ्याच जिभेनं माझी खोली घालवली, हे माझ्या जरा उशिरानं लक्षात आलं. फोनवर आई म्हणाली, "वाटणीच्या दिवशी तू बाहेर जा बाई. भांडणात परक्यानं थांबू नये." आमच्याकडे वाटणी म्हटलं की वकील आधी येतो आणि चहा नंतर. पण आंटीनं मला जाऊच दिलं नाही.

रविवारी दोन्ही मुलं आली. पलंगावर, जमिनीवर, सगळीकडे भांडी, पडदे, फ्रेमी. मुलगी एकेक वस्तू उचलून हसत होती, मुलगा हाताची घडी घालून भिंतीला टेकलेला. शेवटी त्यानं मलाच विचारलं, "तुझ्या त्या मृत्युपत्रांतल्या जुन्या बायका स्वतःला काय ठेवायच्या?"

"कपडे आणि आपला पलंग," मी म्हणाले.

"पलंग नको," आंटी म्हणाली. "अंकलचा जास्त मऊ आहे."

मुलीनं तोंडावर उशी दाबली. मुलगा कानापर्यंत लाल झाला, आणि मग त्यालाही हसू आवरेना. हसता हसताच तो म्हणाला, "मा, फ्लॅटचं मी उगाच म्हणालो. डॅडीचं काय, एवढंच मला वाटत होतं."

आंटी त्याच्याजवळ गेली. "डॅडीची वाटणी होत नाही लाह. तो तुला अख्खा, तिला अख्खा, आणि मलाही अख्खा."

त्यानं हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "अंकल कुठे आहेत?"

"खाली कॉफीशॉपमध्ये. वाटणी होईपर्यंत वर येणार नाही म्हणाले."

तो खाली गेला आणि अंकलना घेऊन आला. आम्ही पानं मांडली. टेबलाच्या टोकाची खुर्ची आंटीच्या नवऱ्याची, ते गेल्यापासून तिच्यात कोणी बसलं नव्हतं आणि त्या दिवशी वाटणीतही तिचं नाव कोणी काढलं नव्हतं. मुलानं ती अंकलसाठी ओढली. मला वाटलं, आता माझंच रडू फुटणार.

अंकलनी मान हलवली. "ती तुझी आहे," असं म्हणून ते बाजूच्या स्टुलावर बसले.

मुलगा वडिलांच्या खुर्चीत बसला. आंटीनं वाढलेली करी त्यानं भातात कालवली, आणि ताटाकडेच बघत विचारलं, "मग, चर्चमध्ये तारीख कुठली मिळाली?"